सी अर्चिनसोबत पहिला मोसम: सागरी अपृष्ठवंशी प्राण्यांच्या प्रयोगशाळेत शिरणाऱ्या विद्यार्थ्यासाठी

प्रयोगशाळेत नवीन आलेल्या विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाची घाई असते. मी त्याच्या हातात आधी एक बीकर देतो आणि विचारतो, हा शेवटचा कशाने धुतला होता? उत्तर आलं नाही तर बीकर बाजूला ठेवायचा. हा हेकटपणा वाटेल, पण माझ्या पहिल्या मोसमात लागोपाठ तीन वेळा भ्रूण दोन पेशींपाशी येऊन थांबले. मी मिठाला दोष दिला, तापमानाला दिला, बिचाऱ्या प्राण्यांनाही दिला. दहा दिवसांनी कळलं, की सुट्टीच्या आधी कुणीतरी चांगुलपणाने आमची सगळी काचेची भांडी साबणाने लखलखीत घासून ठेवली होती.

म्हणून पहिली पायरी भांड्यांची. जिवंत अंडी आणि भ्रूण ज्यात राहणार ती भांडी कायमची वेगळी काढा, त्यांच्यावर ठळक खूण करा आणि त्यांना साबण, डिटर्जंट, फॉर्मॅलिन (नमुने टिकवायचं फॉर्माल्डिहाइडचं द्रावण) यांतलं काहीही कधीच लागू देऊ नका. वापर झाला की लगेच गरम पाण्याने आणि ब्रशने घासायचं, मग तीन-चार वेळा डिस्टिल्ड पाण्याने खळबळायचं, आणि उपडी घालून वाळवायचं. पिपेट, जाळ्या, ढवळण्या यांनाही हाच नियम. ज्या पिपेटने एकदा फॉर्मॅलिन उचललं ते पुन्हा जिवंत प्राण्यांकडे येत नाही. धुऊनसुद्धा नाही.

या लेखात मी सी अर्चिनच धरून चाललो आहे. काटेरी चेंडूसारखा दिसणारा हा कंटकचर्मी प्राणी शिकायला सगळ्यात सोयीचा: अंडी लाखोंनी मिळतात, पारदर्शक असतात, आणि फलन शरीराबाहेर, तुमच्या डोळ्यांसमोर होतं. ऑस्कर हर्टविग यांनी १८७६ साली शुक्राणूचं आणि अंड्याचं केंद्रक एक होताना पाहिलं ते याच प्राण्यात. कृमी, शिंपले, समुद्रफुलं यांच्यावर काम करणार असाल तरी पाणी, भांडी आणि वही यांबद्दलचं सगळं जसंच्या तसं लागू पडेल.

पाणी

समुद्राचं पाणी थेट मिळत नसेल तर मत्स्यालयासाठी मिळणारं कृत्रिम समुद्री मीठ वापरतात. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, पण वजनावर विसंबू नका, कारण मीठ हवेतला ओलावा शोषतं. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. उलट केलंत तर तळाशी फार दाट द्रावण होतं, त्यात कॅल्शियमचे क्षार साका होऊन बसतात आणि मग ते सहज विरघळत नाहीत. पाणी डिस्टिल्ड किंवा आरओचं घ्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि त्याहून वाईट म्हणजे कधीकधी पाइपांमधून आलेलं तांबं असतं. माशांना सहज सोसणारं तांबं अपृष्ठवंशी प्राण्यांना मारतं. टाकीत पूर्वी मासे असतील आणि त्यांना तांब्याचं औषध दिलं गेलं असेल, तर ती टाकी अर्चिनसाठी घेऊ नका.

मीठ घातल्यावर रात्रभर हवा सोडून ढवळत ठेवा. दुसऱ्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटरवर क्षारता बघा: ३३ ते ३५ भाग प्रति हजार, पीएच ८.१ च्या आसपास. रिफ्रॅक्टोमीटर डिस्टिल्ड पाण्यावर शून्य दाखवतो म्हणजे तो बरोबर आहे असं बहुतेक जण समजतात. नुसत्या मिठाच्या द्रावणासाठी बनवलेलं उपकरण समुद्राच्या पाण्यासाठी थोडं सरकलेलं वाचन देतं. ३५ चं प्रमाणित द्रावण एक बाटली आणून ठेवा आणि महिन्यातून एकदा त्यावर तपासा.

कंटकचर्मींना क्षारतेतला बदल सोसत नाही, कारण शरीरातला द्रव बाहेरच्या पाण्यापेक्षा वेगळा राखण्याची सोयच त्यांच्याकडे नाही. बाहेर जे असेल ते आत. टाकीतून वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. त्यामुळे रोजची पातळी भरायची ती गोड्या डिस्टिल्ड पाण्याने. खारं पाणी घालत राहिलात तर पंधरा दिवसांत क्षारता कुठच्या कुठे पोचते. टाकीच्या काचेवर मार्करने एक रेघ मारून ठेवली की कुणालाही कळतं किती भरायचं.

नवी टाकी भरल्या भरल्या प्राणी सोडू नका. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू गाळणीत वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की मग प्राणी. भ्रूणांसाठी मात्र टाकीचं पाणी घेऊच नका. ताजं बनवलेलं, ०.४५ किंवा ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलं पाणी वेगळं ठेवा आणि वापरण्याआधी प्रयोगाच्या तापमानाला आणा.

प्राणी आल्यावर

पिशवी बंद ठेवूनच पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. मग पिशवीतलं पाणी बादलीत घेऊन त्यात टाकीचं पाणी बारीक नळीने थेंब थेंब तासभर सोडा. प्राणी टाकीत गेल्यावर पिशवीतलं पाणी टाकून द्यायचं, टाकीत ओतायचं नाही.

निरोगी अर्चिन ओळखायला यंत्र लागत नाही. काटे ताठ, हात लावला की तिकडे वळणारे. नळीसारखे पाय काचेला घट्ट धरून. उलटा ठेवला तर काही मिनिटांत स्वतःहून सुलटा होतो. काटे लोळलेले असतील, गळून पडत असतील किंवा कवचावर टक्कल दिसत असेल तर त्याला ताबडतोब वेगळ्या भांड्यात काढा. यात आळस करू नका. मरणारा अर्चिन अनेकदा मरता मरता सगळी अंडी किंवा शुक्राणू पाण्यात सोडतो, त्या वासाने शेजारचेही सोडतात, आणि सकाळी दार उघडावं तर टाकी ताकासारखी. त्या दिवशी पाणी बदलण्यापलीकडे काही होत नाही, आणि मोसमही हातचा गेलेला असतो.

खायला समुद्री शेवाळ. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढून टाका. तापमान जातीप्रमाणे ठरतं: थंड पाण्यातल्या जांभळ्या अर्चिनला १५ अंश सेल्सिअस मानवतं, उष्ण पाण्यातल्या जातींना २२ ते २५. आपली जात कोणती आणि तिचा प्रजननाचा काळ कोणता, हे प्राणी मागवण्याआधी माहीत हवं. मोसमाबाहेर आणलेला प्राणी कितीही निरोगी असला तरी अंडी देणार नाही.

अंडी आणि शुक्राणू मिळवणं

सकाळी लवकर सुरुवात करा, कारण दिवस अर्चिनच्या घड्याळाने चालणार आहे. जेवणाची सुट्टी पहिल्या पेशीविभाजनावर आली तर सुट्टी पुढे ढकलावी लागते.

पोटॅशियम क्लोराईडचं ०.५ मोलर द्रावण डिस्टिल्ड पाण्यात करा, म्हणजे १०० मिलिलिटरला ३.७३ ग्रॅम. प्राणी पाण्याने खळबळून घ्या आणि उलटा धरा. मध्यभागी पाच पांढरे दात दिसतील, त्यांच्याभोवती मऊ पडदा. सुई त्या पडद्यातून तिरकी घाला, दातांमध्ये नाही. आकाराप्रमाणे अर्धा ते एक मिलिलिटर, दोन-तीन ठिकाणी वाटून. मग हलकेच हलवा. हे द्रावण जननग्रंथींभोवतीच्या स्नायूंना आकुंचन पावायला लावतं, आणि थोड्याच मिनिटांत तोंडाच्या विरुद्ध बाजूच्या पाच छिद्रांतून काहीतरी पाझरायला लागतं. दुधासारखं पांढरं आलं तर नर, पिवळट किंवा नारिंगी किंवा जातीप्रमाणे लालसर आलं तर मादी. बाहेरून बघून नर-मादी ओळखता येत नाहीत, अनुभवी माणसालाही नाही.

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, त्या सुईच्या. प्रत्येक प्राण्याला नवी सुई. हातमोजे नराला हात लावल्यावर बदला. शुक्राणूचा एक अदृश्य ओघळ मादीच्या बीकरमध्ये गेला की तिची सगळी अंडी तुमच्या घड्याळाच्या आधीच फलित झालेली असतात.

मादीला गाळलेल्या समुद्री पाण्याने काठोकाठ भरलेल्या बीकरवर उपडी ठेवा, म्हणजे छिद्रं पाण्यात टेकतील. अंडी धाग्यासारख्या धारांनी तळाशी उतरतात. हे दृश्य बघत बसावंसं वाटतं, बसा, पण वीसेक मिनिटांनी मादीला काढा. अंडी तळाशी बसू द्या, वरचं पाणी ओतून टाका, नवं घाला, असं दोन-तीन वेळा. तुटलेले काटे आणि घाण काढायला अंडी १५० मायक्रॉनच्या नायलॉन जाळीतून हळूच ओता. आपल्या जातीचं अंडं किती मोठं ते आधी बघा; बऱ्याच जातींत ते ८० ते ११० मायक्रॉनच्या दरम्यान भरतं.

नराचं उलट. त्याला पाण्यात ठेवायचं नाही. छिद्रांवर जमलेला पांढरा थेंब पिपेटने उचलून छोट्या नळीत घ्या आणि नळी बर्फावर ठेवा. पाण्याचा स्पर्श झाला नाही तोवर शुक्राणू निपचित असतात आणि दिवसभर टिकतात. पाण्यात पडले की पोहायला लागतात आणि लवकर दमतात. म्हणून शुक्राणू पातळ करायचे ते ऐन वापराच्या वेळी.

फलन

आधी चाचणी घ्या. प्रत्येक मादीची थोडी अंडी वेगळ्या बशीत. दहा मायक्रोलिटर शुक्राणू दहा मिलिलिटर समुद्री पाण्यात मिसळा आणि त्यातले दोन-तीन थेंब बशीत टाका. एक थेंब स्लाइडवर घेऊन लगेच बघा.

शुक्राणू अंड्याभोवती गर्दी करतात, काही सेकंद काहीच होत नाही असं वाटतं. मग अंड्याच्या एका कडेला पातळ फोड आल्यासारखा पडदा उचलला जातो आणि तो उचलत उचलत अंड्याला वळसा घालून पलीकडे जाऊन मिळतो. मिनिटभरात अंड्याभोवती स्वच्छ गोल कडं तयार. हा फलनपडदा. अंड्याच्या सालीखालच्या हजारो बारीक पिशव्या एकामागून एक फुटल्याने तो वर येतो, आणि उशिरा आलेल्या शुक्राणूंना बाहेरच अडवतो. त्याच्याही आधी, पहिला शुक्राणू चिकटताच, अंड्याच्या पटलावरचा विद्युतभार पालटतो आणि तेवढ्यापुरतं दार बंद होतं.

शंभर अंडी मोजा. नव्वदहून अधिक अंड्यांना पडदा आला तर ती मादी प्रयोगात घ्या, नाहीतर सोडून द्या. अंड्यात मोठं गोल पारदर्शक केंद्रक दिसत असेल तर ते अजून कच्चं आहे. पिकलेल्या अंड्यात केंद्रक लहान असतं. अशी कच्ची अंडी बरीच असतील तर ती मादी मोसमाच्या आधी आली समजा.

अंडी फलित करताना ती तळाशी एका थराएवढीच असावीत. एकावर एक थर साचले तर खालच्यांना ऑक्सिजन पुरत नाही. शुक्राणू जास्त ओतण्याचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. जास्त ओतले की एका अंड्यात दोन-तीन शिरतात आणि पहिल्याच विभाजनात दोनऐवजी तीन किंवा चार पेशी दिसतात. असं दिसलं तर पुढच्या वेळी शुक्राणू दहापट पातळ करा. दहा मिनिटांनी वरचं पाणी दोनदा बदलून उरलेले शुक्राणू काढून टाका.

आणि एक बशी शुक्राणूंशिवाय ठेवा. त्याच मादीची अंडी, तेच पाणी, तेच पिपेट. या बशीत एकालाही पडदा आला तर तुमच्या पाण्यात किंवा भांड्यात शुक्राणू शिरलेत, आणि त्या दिवसाचे वेळेचे सगळे आकडे रद्द. घाईत ही बशी वगळली जाते, म्हणून मी तिला सगळ्यात आधी मांडायला सांगतो.

वेळापत्रक

उष्ण पाण्यातल्या जातींत पहिलं विभाजन तासाभरात, थंड पाण्यातल्यांत दीड ते दोन तासांत. चौथ्या विभाजनाला डोळे लावून बसा: सोळा पेशी सारख्या नसतात. आठ मध्यम, चार मोठ्या आणि एका टोकाला चार अगदी चिमुकल्या. पुढे लार्वाचा, म्हणजे पोहणाऱ्या पिल्लाचा, सांगाडा बांधणाऱ्या पेशी या चिमुकल्यांपासून येतात. त्यानंतर पोकळ चेंडू होतो, त्याला केस फुटतात, तो पडद्यातच गरगर फिरू लागतो आणि मग पडदा विरघळवून बाहेर पडतो. उष्ण जातींत आठ-दहा तास, थंड जातींत दिवसभर. एक ते तीन दिवसांत बाणाच्या टोकासारखा, हात पसरलेला प्लुटियस लार्वा तयार.

तापमान दोन-तीन अंशांनी हललं तरी हे वेळापत्रक हलतं. त्यामुळे ‘चार तासांनी नमुना घेतला’ एवढं लिहून भागत नाही. तापमान आणि त्या वेळी दिसलेली अवस्था, दोन्ही लिहा. नियमित अंतराने नमुना घेण्याचा कंटाळा येतो खरा. पण १९८२ साली टिम हंट यांनी फलित अर्चिन अंड्यांमधून ठरावीक मिनिटांनी नमुने घेतले, म्हणूनच एक प्रथिन साठत जातं आणि विभाजनाच्या वेळी एकाएकी नाहीसं होतं हे त्यांना दिसलं. ते सायक्लिन. २००१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्याबद्दलचा.

लार्वा वाढवणं

पोहणारेच घ्यायचे. भांडं स्थिर ठेवलं की निरोगी लार्वा वर येतात आणि मेलेले, अडलेले तळाशी बसतात. वरचं पाणी नव्या भांड्यात घ्या, तळाचा गाळ फेका. गर्दी करू नका: दर मिलिलिटरला एक लार्वा, मोठे झाल्यावर त्याहून कमी. पाणी सतत हलकं हलतं राहावं, पण हवेचे बुडबुडे नकोत. बुडबुड्यांनी लार्वा पृष्ठभागावर चिकटून मरतात. संथ फिरणारी वल्ह्यासारखी पट्टी उत्तम.

तोंड उघडल्यावर एकपेशीय शैवाल द्या. रोडोमोनास किंवा ड्युनालिएला चालतं, दर मिलिलिटरला काही हजार पेशी, रक्तपेशी मोजायच्या काचेवर मोजून. अंदाजाने हिरवा रंग बघून टाकणारे लोक लार्वा उपाशी तरी मारतात किंवा पाणी तरी सडवतात. दर दोन दिवसांनी निम्म्याहून अधिक पाणी बदला. तळाला जाळी लावलेली नळी भांड्यात बुडवून तिच्या आतून पाणी ओढून घ्या, म्हणजे लार्वा बाहेर भांड्यातच राहतात.

इथे एक फसवणूक आहे. लांब हातांचा लार्वा बघून विद्यार्थी खूश होतात. पण हातांवरच्या केसांनीच लार्वा अन्न पकडतो, त्यामुळे अन्न कमी पडलं तर हात शरीराच्या मानाने जास्त लांब होतात. हातांकडे बघू नका, पोटाकडे बघा. रोडोमोनास खाल्लेल्या लार्वाचं जठर तांबूस भरलेलं दिसतं. लांब हात आणि पारदर्शक रिकामं पोट म्हणजे तो भुकेला आहे.

स्लाइडवर घेताना आवरणकाचेच्या चार कोपऱ्यांना पेट्रोलियम जेलीचे ठिपके लावा, नाहीतर काचेच्या वजनाने लार्वा चिरडतो. दिवा मंद ठेवा, जुन्या बल्बच्या उष्णतेने थेंब काही मिनिटांतच तापतो. दोन ध्रुवीकरण फिल्टर एकमेकांना काटकोनात लावले तर पार्श्वभूमी काळी होते आणि लार्वाचा कॅल्साइटचा सांगाडा त्यात चांदीच्या तारांसारखा उजळतो. सांगाड्याची लांबी मोजायची असेल तर ती अशी मोजा. त्याआधी नेत्रिकेतली पट्टी प्रत्येक भिंगासाठी स्टेज मायक्रोमीटरवर, म्हणजे ठरावीक अंतरावर रेघा कोरलेल्या स्लाइडवर, जुळवून घ्या.

टिकवणं आणि लिहिणं

कशासाठी टिकवायचं ते आधी ठरवा, कारण नंतर बदलता येत नाही. आकार आणि ऊती बघायच्या तर समुद्री पाण्यातलं ४ टक्के फॉर्माल्डिहाइड. डीएनए काढायचा असेल तर थेट ९५ टक्के इथेनॉल, कारण फॉर्मॅलिन डीएनए खराब करतं. साधं फॉर्मॅलिन साठवणीत आंबट होत जातं आणि त्यात चुन्याचा सांगाडा विरघळतो. बोरॅक्स घालून ते अल्कधर्मी ठेवा. हे काम वाफ बाहेर ओढणाऱ्या धूरकक्षात (फ्यूम हुडमध्ये), हातमोजे आणि चष्मा घालून.

समुद्रफूल किंवा कृमी थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर आकसून गोळा होतो. आधी भूल द्या: मॅग्नेशियम क्लोराईड हेक्साहायड्रेट, गोड्या पाण्यात ७.५ टक्के, ते समुद्री पाण्यात सारख्या प्रमाणात हळूहळू मिसळायचं. टोचल्यावर हालचाल होत नाही, याची खात्री झाल्यावरच पुढे जा. तो प्राणी कृमी आहे म्हणून त्याला सावकाशीने वागवायची गरज नाही, असं मानणाऱ्यांबरोबर मी काम करत नाही.

लेबल बरणीच्या आत, जाड कागदावर, पेन्सिलीने. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये वाहून जाते. वहीत भांड्याचा क्रमांक, मादीचा क्रमांक, नराचा क्रमांक, पाण्याची तुकडी, क्षारता, तापमान, आणि शुक्राणू टाकल्याची वेळ मिनिटापर्यंत.

मादीचा क्रमांक का, हे समजून घ्या. एका मादीची अंडी तीन बीकरमध्ये वाटली आणि प्रत्येकातले शंभर लार्वा मोजले, तर तुमच्याकडे तीनशे स्वतंत्र निरीक्षणं नाहीत. बीकर तीन आहेत, मादी एकच. निष्कर्ष सगळ्या जातीबद्दल काढायचा असेल तर माद्या वाढवा, बीकर नाही. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली या चुकीला खोटी पुनरावृत्ती असं नाव दिलं, आणि अजूनही प्रबंधांच्या तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येतो.

दिवस संपताना उरलेले शुक्राणू आणि अंडी ब्लीचमध्ये टाका, ब्लीच भांड्यांच्या जवळ येऊ देऊ नका. इंजेक्शन दिलेले प्राणी लगेच मूळ टाकीत सोडू नका, त्यांच्या छिद्रांतून अजून पाझरत असतं. वेगळ्या टाकीत रात्रभर ठेवा, सकाळी काटे ताठ आहेत का बघा. दुसऱ्या समुद्रातून आणलेला प्राणी किंवा त्याचे लार्वा जवळच्या किनाऱ्यावर सोडायचे नाहीत. टाकीवर तारीख आणि ‘अंडी घेतली’ अशी चिठ्ठी चिकटवा, नाहीतर पुढच्या आठवड्यात कुणीतरी त्याच मादीला पुन्हा सुई टोचेल आणि काहीच का येत नाही म्हणून तुम्हालाच विचारायला येईल.